सव्वा मूठ कुणाच्या नावाची?

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशातल्या घराघरांत कानबाई देवी बसते. त्याआधी गहू मोजायचे असतात. बहुतेक घरांत रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. कुणी सुरतेला कारखान्यात असो की पुण्याला कंपनीत, त्याच्या नावाची मूठ पडतेच. त्या गव्हाचे रोट होतात आणि ते भावकीतच खाऊन संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत. सोमवारी वाजतगाजत विसर्जन.

साधारण याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, वर्षभराच्या विद्यार्थी देवाणघेवाणीवर आलेली सोळा-सतरा वर्षांची परदेशी पोरं भारतात उतरतात. त्यांच्या कागदपत्रांत यजमान घराला सूचना असते: याला पाहुणा समजू नका, घरातलं मूल समजा. सूचना लिहिणाऱ्याला कानबाई ठाऊक नसते. जळगाव जिल्ह्याच्या पारोळा तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जर्मनीचा किंवा फ्रान्सचा पोरगा नेमका या आठवड्यात आला, तर सव्वा मूठ त्याच्या नावाची टाकायची का? नाही टाकली तर रोट त्याच्या ताटात वाढायचे कसे? आणि त्याला वगळून सगळे पंगतीला बसले, तर तो घरातला कसला? (मुलगी आली तर एका अर्थाने पेच सुटतो. घरच्या लेकींच्या नावानेही मूठ पडत नाही, तेव्हा ती आपोआप घरच्या लेकींच्या रांगेत.)

शेतकऱ्याच्या घरात परदेशी विद्यार्थी ठेवणं म्हणजे काय, याचं उत्तर मला या गव्हाच्या हिशोबात सगळ्यात नीट दिसतं. खानदेशी माणूस पाहुणचारात कमी पडणार नाही. अडचण येईल ती पाहुणचार आवरता घेण्यात. आलेल्याला पाट, पाणी, पहिली भाकरी, वर तुपाची धार आणि ‘तू बस, तू कायले उठस’ हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्याच्या हातात झाडू किंवा विळा द्यायला कुणी धजणार नाही. वर्ष असंच सरलं तर पोरगं जाडजूड होऊन परत जाईल आणि घर त्याला शेवटपर्यंत परकंच राहील.

घरात राहूनच देश कळतो, हा शोध अनुभवातून लागलेला आहे. डोनाल्ड वॉट नावाचा अमेरिकन १९३२ साली मुलांचा एक गट घेऊन युरोपात गेला. आधी त्याने निरनिराळ्या देशांच्या मुलांचं एकत्र शिबिर भरवून पाहिलं. मुलं आपापल्या भाषेचे घोळके करून बसली. मग त्याने शिबिराचा नाद सोडला आणि मुलांना कुटुंबांत ठेवायला सुरुवात केली. ‘एक्स्परिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ ही संस्था त्यातून उभी राहिली. पुढे पीस कोअरचा पहिला प्रमुख झालेला सार्जंट श्रायव्हर तरुणपणी याच संस्थेच्या सहलींत तयार झाला. रोटरीतली अशी देवाणघेवाण त्याच्याही आधीची, १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहराच्या क्लबने सुरू केलेली. महायुद्धांत रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांची ‘एएफएस’ ही संघटना १९४७ मध्ये शाळकरी मुलांकडे वळली. ज्यांनी जखमी आणि प्रेतं वाहिली होती, त्यांना पुढच्या पिढीने एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसावंसं वाटलं, यात नवल नाही.

या सगळ्या शहरी मंडळींत एक शाखा मात्र थेट शेतातून फुटली. अमेरिकेत ४-एच नावाची शाळकरी मुलांची मंडळं आहेत, कृषी विस्तार खात्याला जोडलेली. मूल एखादं वासरू वाढवतं, मक्याचा तुकडा करतं, खर्चाची वही ठेवतं आणि जत्रेत आपलं जनावर मांडतं. या चळवळीतून १९४८ मध्ये ‘इंटरनॅशनल फार्म यूथ एक्स्चेंज’ सुरू झाली. शेतावर वाढलेल्या तरुण मुलामुलींनी दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्याच्या घरी काही आठवडे राहायचं, काम करायचं, मग पुढच्या घरी जायचं. परत गेल्यावर आपल्या जिल्ह्यात सभा घेऊन पाहिलेलं सांगायचं. पहिल्या वर्षी अमेरिकेतून १७ जण युरोपात गेले. पन्नासच्या दशकात या यादीत भारत आला. अमेरिकन शेतकऱ्यांची पोरं इथल्या खेड्यांत राहिली, इथली काही तिकडे गेली.

तेव्हाची हवाच तशी होती. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली. केंद्रात शेतीखातं अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांकडे होतं. त्यांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाज काढला आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. शेतकऱ्याने जग पाहावं आणि जगाने शेतकऱ्याला पाहावं, ही गोष्ट त्या वेळी सरकारी धोरणात बसत होती. आज ‘एक्स्चेंज स्टुडंट’ म्हटलं की डोळ्यांसमोर डॉक्टरांचा बंगला आणि इंग्रजी शाळेची बस येते. मधल्या काळात शेत कुठे गळालं, हे पाहण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात परदेशी विद्यार्थ्यांचा राबता पुण्याकडे वळला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या लहान महाविद्यालयांचा ‘एसीएम’ हा गट आपले विद्यार्थी पुण्याला पाठवू लागला. मराठी शिकायची, मराठी घरात राहायचं, आपल्या आवडीचा एक अभ्यास करायचा. पेठांतल्या आणि डेक्कनवरच्या कितीतरी घरांनी अशी मुलं सांभाळली. त्यांना मराठी शिकवणाऱ्यांत मॅक्सीन बर्नसन होत्या. त्या स्वतः साठच्या दशकात अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि तिथल्या बोलीवर पीएचडी केली. पुढे १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही त्यांची कामं.

बालभवनाला ज्यांचं नाव आहे त्या कमला निंबकरही मूळच्या अमेरिकेच्या. क्वेकर घरातली एलिझाबेथ लंडी १९३० साली विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आली, आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये तिने ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. मुलगा बनबिहारी यांनी फलटणला शेती केली आणि १९६८ मध्ये ‘नारी’ ही शेती संशोधन संस्था स्थापन केली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या, यांनी मॅक्सीनबाईंच्या जोडीने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकं केली. एका तालुक्याच्या गावाभोवती हे सगळं घडलं, हे पारोळ्यासारख्या गावाने ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

दुसरं गाव सांगली जिल्ह्यातलं कासेगाव. गेल ऑम्वेट १९६३ मध्ये फुलब्राइटवर इंग्रजी शिकवायला भारतात आल्या. नंतर ब्राह्मणेतर चळवळीच्या संशोधनासाठी महाराष्ट्रात फिरल्या. १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न झाल्यावर कासेगावचं घर त्यांचं झालं. सासू इंदुमती पाटणकर प्रतिसरकारात काम केलेल्या. त्या घरात राहायला आलेली सून मिनियापोलिसची असली तरी तिला वेगळं ताट मिळालं नसणार, हे कासेगाव ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. गेलबाई २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथेच वारल्या. मॅक्सीनबाई आणि गेलबाई या दोघीही विद्यार्थी देवाणघेवाणीच्या चौकटीत बसत नाहीत, हे खरं. पण परदेशी माणूस मराठी गावातला कसा होतो, हे पाहायचं तर उदाहरणं यांचीच घ्यावी लागतात. दोघींनाही गावात काम होतं. माणूस कामाला लागला की गाव त्याच्या रंगाकडे बघायचं सोडतं.

खानदेशापुरतं बोलायचं तर या विचाराचं एक मूळ पारोळ्याहून जेमतेम २० किलोमीटरवर सापडतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात साने गुरुजी शिकवत आणि तिथल्या वसतिगृहाचं सगळं पाहत. आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांना ‘आंतरभारती’चा ध्यास लागला होता: एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्याची भाषा शिकावी, त्यांच्यात मिसळावं. पुढे एस. एन. सुब्बारावांच्या बालमहोत्सवांत वेगवेगळ्या राज्यांची मुलं यजमान गावातल्या घराघरांत मुक्कामाला राहू लागली, ती याच वाटेवरची. आसामचं मूल मराठी घरात आठवडाभर राहू शकतं, तर देशाची वेस ओलांडून आलेलं वर्षभर का नाही?

आता पारोळ्याचं वर्ष कसं असतं ते पाहू. गाव महामार्गावरचं, धुळे ३५ किलोमीटर, जळगाव ५५ च्या पुढे. रेल्वे नाही, गाडी पकडायची तर अमळनेर. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधलेला भुईकोट किल्ला गावात आहे. झाशीच्या राणीच्या घराण्याशी गावाचं नातं, आणि सत्तावनच्या उठावानंतर १८५९ मध्ये इंग्रजांनी गाव काढून घेऊन किल्ला मोडला. परदेशी विद्यार्थ्याला हे सगळं पहिल्याच रविवारी दाखवलं जाईल आणि तो फोटो काढेल. त्याचं खरं वर्ष शिवारात जाईल. तालुक्याची शेती बरीचशी पावसावरची. तामसवाडीला बोरी धरण आहे, पण पाऊस रुसला तर ते तरी काय करणार? कपाशी, मका, ज्वारी-बाजरी, मूग-उडीद. केळी म्हणजे रावेर-यावल. जळगाव जिल्हा म्हटलं की केळी, असं वाचून आलेल्या पोराची इथे फसगत होणार.

ऑगस्टात तो येतो तेव्हा कपाशी मांडीला लागलेली असते. निंदणी चालू असते, बांधावर बाया असतात, आणि फवारणीही चालू असते. इथे लाड नकोत, नियम हवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणीच्या दिवशी पोराने शिवारात पाऊल टाकायचं नाही, एवढं यजमानाने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकावं. दुसरा नियम बाहेरूनच येतो: रोटरीच्या विद्यार्थ्याला कुठलंही वाहन चालवायला बंदी असते. ज्या गावात आठवीतलं पोरगं बिनधास्त ट्रॅक्टर मागे घेतं, तिथे सतरा वर्षांच्या उंच गोऱ्या पोराने मागच्या सीटवर बसून जायचं, ही त्याच्यासाठी शिक्षाच. यजमानाच्या मुलाने त्याला गुपचूप हँडल देऊ नये म्हणून घरातल्या थोरल्याला डोळा ठेवावा लागेल.

पोळा होतो, गणपती होतात, आणि ऑक्टोबरात बोंडं फुटतात. माझं मत असं की परदेशी विद्यार्थी शेतकऱ्याच्या घरात खऱ्या अर्थाने येतो तो या महिन्यात. वेचणीला त्याला शास्त्र लागत नाही. पोटाशी ओटी बांधायची, दव वाळलं की सरीत शिरायचं. सुकलेल्या बोंडाच्या टोकदार कडा बोटं ओरबाडतात. शेजारच्या सरीतली बाई त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने पुढे जाते, कारण तिची मजुरी किलोवर आहे आणि तो हौसेने आलेला. संध्याकाळी तोलकाट्यावर त्याचं गाठोडं सगळ्यात हलकं भरतं, सगळे हसतात, आणि तोही हसला तर समजावं जमलं. मग पुढचं शिक्षण: खेडा खरेदीवाला दारात येऊन काय भाव सांगतो, ओलाव्याचं कारण पुढे करून किती कापतो, जिनिंगला नेलं तर भाडं किती, हमीभावाच्या केंद्रावर किती दिवस रांगेत राहायचं. गुलाबी बोंडअळीने पोखरलेलं बोंड हातात धरून तो विचारेल, की बियाण्यातच विष असताना अळी आली कशी. घरातल्या कुणीतरी त्याला बीटीची पंचवीस वर्षांची कथा सांगावी लागेल. अळी त्या विषाला सरावली, हा तिचा शेवट. कुठल्याही शाळेत इतकं अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र एका हंगामात कुणी शिकवत नाही.

हिवाळा खाण्याचा. भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, बडगीत कुटायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेली. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, हे पाहुण्याला सांगितलं काय न सांगितलं काय, दुसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी येणारच. याच दिवसांत रब्बीला पाणी भरायचं असतं. शेतीपंपाची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या बापाबरोबर घरचा पोरगा जातो. यालाही जावंसं वाटेल. न्यावं, पायात बूट घालून. आपल्या देशात बटण दाबलं की येणारी वीज इथे कुणाच्या झोपेवर चालते, हे त्याला एका रात्रीत कळेल.

भाषेचा भाग मजेचा आहे. मुलगा येताना मराठीचे धडे गिरवून येतो आणि घरात पाय ठेवताच ‘काय करी ऱ्हायना रे’ कानावर पडतं. अहिराणीचं, म्हणजे या खानदेशी बोलीचं, काय करायचं, हा प्रश्न ग्रिअर्सनलाही पडला होता. त्याने आपल्या भाषा सर्वेक्षणात खानदेशी ही भिल्ल भाषांच्या खंडात घातली. घरात आजी अहिराणी, बाप दोन्ही, शाळेत मराठी, दुकानात हिंदी, आणि पोराशी सगळे मोडक्या इंग्रजीत बोलायला धडपडणार. ती धडपड पहिल्या महिन्यातच थांबवलेली बरी. आजीला, म्हणजे घरातल्या मोठ्या मायला, इंग्रजी येत नाही हे या योजनेचं मोठं भाग्य आहे. सहा महिन्यांत ‘जेवाले बठ’ तिच्याकडूनच शिकतो पोरगा.

इतकं सगळं जमण्यासारखं असताना शेतकऱ्याच्या दारात ही मुलं का दिसत नाहीत? कारणं साधी आहेत. मुलाने शाळेत जायलाच हवं ही अट असते. इंग्रजी माध्यमाची शाळा तालुक्याच्या गावी, शेत त्याच्यापलीकडे. परदेशी माणूस घरी उतरला की चोवीस तासांत सरकारला कळवावं लागतं, आणि १८० दिवसांहून जास्त मुक्कामाच्या व्हिसावर असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. आता हे ऑनलाइन होतं, पण सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला तहसिलीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला आणखी एक सरकारी फॉर्म म्हटलं की धडकी भरते. यजमानांची घरी येऊन पाहणी होते, पोराला झोपायला धड जागा आणि स्वच्छ संडास-न्हाणी लागते. याबद्दल तक्रार करायचं कारण नाही; दुसऱ्याचं लेकरू सांभाळायचं आहे.

खरी अडचण पैशाची आहे, आणि ती उलट बाजूची. यजमान घराला मोबदला मिळत नाही. देवाणघेवाण म्हणजे तुम्ही एक ठेवा, तुमचं एक जाईल. सहसा वर्षात दोन-तीन घरं मिळून एक विद्यार्थी सांभाळतात. ठेवायला शेतकरी तयार होईल, घरात धान्य आहे, एक ताट जास्त. पाठवायचं म्हटलं की विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा. कपाशीच्या भावावर ज्याचं वर्ष ठरतं त्याच्या हातात ही रक्कम एकगठ्ठा कधी येते? म्हणून क्लबाचे सभासद डॉक्टर, व्यापारी, वकील, आणि मुलं त्यांचीच जातात-येतात. मग हिशोब असा होतो, की अमेरिकेतल्या शेतकऱ्याचं पोरगं जळगावच्या फ्लॅटमध्ये, आणि जळगावच्या डॉक्टरचं पोरगं अमेरिकेतल्या शेतावर. दोघांनाही एकमेकांचा देश कळतो, पण आपल्या देशाचं शेत दोघांच्या मधून निसटतं.

यावर उपाय जळगाव जिल्ह्यात हाताशी असू शकतो. २०१४ पासून ‘फाली’ हा कार्यक्रम ग्रामीण शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांना आधुनिक शेती आणि शेतीउद्योग शिकवतो. जैन इरिगेशनसारख्या कंपन्यांचा त्याला हातभार आहे, आणि जैन हिल्सवर या मुलांची संमेलनं होतात. नाव अमेरिकेतल्या १९२८ च्या ‘फ्युचर फार्मर्स’ चळवळीची आठवण करून देणारं. तिथे जी मुलं कपाशीचा ताळेबंद मांडतात, त्यांच्या घरी एक परदेशी मूल राहिलं आणि त्यांच्यातलं एक आयोवात मक्याच्या शेतावर गेलं, तर १९४८ ची ती जुनी कल्पना पुन्हा तिच्या जागेवर येईल. तिकिटाचा खर्च कंपन्यांनी उचलावा. एका प्रदर्शनाच्या मांडवाला लागतो त्याहून तो फार नसावा.

घरातल्या बाईचं बोलणं यात कुणी विचारत नाही, म्हणून ते इथे मांडतो. वर्षभर एक जास्तीचं ताट म्हणजे तिच्या भाकऱ्यांत रोजची भर. कपडे तिचेच हात धुणार. पोराला तिखट सोसत नाही म्हणून वेगळी भाजी, आजारी पडला की जागरण, आणि सकाळी वेचणीला निघताना त्याचा डबा. पुरुष ‘आमच्याकडे फॉरेनचा आहे’ म्हणत पारावर मिरवतो. माझ्या हातात असतं तर यजमान निवडायला येणाऱ्या समितीला मी घराच्या मालकाशी न बोलता आधी चुलीपाशी नेलं असतं. आणि पोराला पहिल्या आठवड्यात ताट घासायला लावलं असतं. घरातल्या मुलग्यांनाही त्याच्या बरोबरीने, नाहीतर तो एकटाच नोकर ठरेल. तसं झालं तर या देवाणघेवाणीत पारोळ्याच्या घरालाही काही मिळालं म्हणायचं.

एक बारीकशी सूचना शेवटी, वेळापत्रकाची. ऑगस्टात येऊन मे-जूनमध्ये जाणारा विद्यार्थी पीक मध्यापासून पाहतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसलेल्या लेकी तो बघतो, सांजोऱ्या खातो. बियाण्याच्या दुकानापुढची गर्दी, उधारी, आणि आभाळाकडे बघत धूळपेरणी करावी की थांबावं ही घालमेल सुरू होते तेव्हा त्याची बॅग भरलेली असते. शेतकऱ्याच्या वर्षातला सगळ्यात जोखमीचा महिनाच त्याच्या हाती लागत नाही. ऑस्ट्रेलियाची शाळा मात्र जानेवारीच्या अखेरीस सुरू होते, आणि तिथली रोटरीची मुलं वर्षासाठी जानेवारीत निघतात. क्लबाला मागणी कळवायची असेल तर पारोळ्याने तिकडचं मूल मागावं. ते भरताच्या दिवसांत उतरेल, जूनमध्ये पेरणीला असेल, श्रावणापर्यंत त्याला घरात सात महिने झालेले असतील, आणि गहू मोजताना घरच्यांना फार विचार करावा लागणार नाही.